अम्मी सरपंचकीला उभी राहिली

आमच्या गावची निवडणूक व्हायची नेवदरला आणि निकाल लागायचा फरवानियात. थट्टा नाही करत, खरंच तसं होतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी आमचं नेवदर. तिथल्या मोहल्ल्यातला धडधाकट बाप्या म्हणून जो काही होता तो कुवेतला. कुणी फरवानियात दुकानात, कुणी जहऱ्याला टायरच्या धंद्यात, कुणी सुलैबियाच्या गोदामांवर ड्रायव्हर. गावात उरल्या होत्या बायका, म्हातारेकोतारे, पोरंटोरं आणि कुलूप घातलेले नवे बंगले. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की हे सगळे बाप्ये एका शुक्रवारी नमाजनंतर आमच्या फ्लॅटमध्ये जमायचे, पोटभर जेवायचे, पोटभर भांडायचे, एक नाव ठरवायचे आणि मग आपापल्या घरी फोन लावायचे, 'अमक्याला मत दे.' पलीकडून 'हो' यायचं. झाली निवडणूक! खालच्या वाडीतल्या भंडाऱ्यांची, कुळवाड्यांची मतं चार ठिकाणी विखुरलेली असायची, त्यामुळे मोहल्ला एक झाला की सरपंच खिशात. गावातलं मतदान म्हणजे नुसता उपचार राहायचा.

बैठक आमच्याकडेच का, तर म्हणे आमच्या दारावरून सगळ्या बसगाड्या जातात. कसल्या बसगाड्या घेऊन बसलात! खरं कारण अम्मीच्या हातची कोलमी. अब्बा एका कोल्ड स्टोअरेजमध्ये हिशेबनीस होते, त्यांच्या ओळखीनं मासळी ताजी मिळायची. गुरुवारी संध्याकाळी पिशव्या भरभरून कोलमी घरात आली की मी, धाकटी सना आणि अम्मी स्वयंपाकघरात फतकल मारून सोलायला बसायचो. एसीची घरघर, खाली टॅक्सीवाल्यांचे भोंगे, शेजारच्या मल्याळी बाईच्या कुकरच्या शिट्ट्या, आणि या सगळ्याच्या वर अम्मीची जीभ. ती सोलता सोलता गावच्या घराघरांची खबर सांगायची. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाच्या सासूनं बोलणं टाकलंय. बारा-तेरा वर्षं कुवेतला काढलेली बाई, पण तिचं अर्धं डोकं कायम नेवदरच्या पायवाटेवर. दुसऱ्या दिवशी ताटं भरून भात, कोलमीचं सालन, तांदळाच्या भाकरी हॉलमध्ये जायच्या आणि रिकामी ताटं परत यायची. स्वयंपाकघराच्या दाराला एक पडदा होता. त्याच्या पलीकडे राजकारण, अलीकडे आम्ही.

आता वय झाल्यावर मला त्या पडद्याचा राग येतो. तेव्हा येत नव्हता. तेव्हा वाटायचं, आपल्या घरी गावाचे सगळे मोठे लोक येतात, केवढी आपली शान!

त्या वर्षी सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं. बैठकीला नेहमीपेक्षा गर्दी. दाराशी चपलांचा असा खच की लिफ्टमधून उतरणाऱ्या फिलिपिनो बाईनं वळसा घातला. जमातीचे, म्हणजे आमच्या मोहल्ल्याच्या बिरादरीचे, प्रमुख होते हसनचाचा, जहऱ्याला त्यांचं टायरचं मोठं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता हां, दिलदार होता, फक्त आपण बोललो की विषय संपला असं त्याला मनापासून वाटायचं. ते म्हणाले, "बाई पाहिजे ना? आपली जुलेखा आहे की. माझ्या भावाची बायको. सही करता येते, तोंड वर करून बोलत नाय. कारभार आपण हितून बघू."

"बरोबर हाय," सगळे म्हणाले.

"मग फोन लावा रे आपापल्या घरी. आणि वहिनी, भाकऱ्या येऊंद्या!"

अम्मी भाकऱ्या घेऊन गेली. नेहमी ती पडद्याच्या आतूनच अब्बांच्या हातात ताट द्यायची. त्या दिवशी पडदा बाजूला सारून थेट हॉलच्या मधोमध गेली. डोक्यावरचा पदर नीट, कपाळाला पिठाचा पट्टा. ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "हसनभाय, सरपंचकीला मी उभी राहते."

मी पडद्याला नाक लावून उभी होते.  सगळा हॉल हसला. वाईट हसणं नव्हतं ते, लहान पोरानं 'मी विमान चालवीन' म्हटल्यावर मोठी माणसं हसतात तसं होतं.

"वहिनी, कोलमी झकास झालीय," हसनचाचा म्हणाले.

"कोलमी खा, पण ऐका. आपण इथून वर्गणी काढून गावात पाण्याची टाकी बांधली. टाकीवर तुमच्या वालिदांच्या नावाची पाटी लावली. तिचं पाणी जातं कुठं? रस्त्यावरच्या नव्या बंगल्यांत. बंगल्यांना कुलपं! तुमच्याच बंगल्याला नळ हाय आणि तुमची बायको, खतीजाभाभी, राहते खाली जुन्या घरात, तुमच्या आईजवळ. ती रोज चढण चढून हंडा घेऊन येते. अख्खा खालचा मोहल्ला आणि खालची वाडी मिळून एक नळ. उन्हाळ्यात विहिरी खारट. मागच्या सुट्टीत खालच्या वाडीतली सुनंदा भरल्या हंड्यासकट उतरणीवरून घसरली, पाय मोडला तिचा. अजून लंगडते. मी होते तिथं."

"लाईन खाली न्यायची हायच की. पुढच्या सुट्टीत बघतो."

"किती सुट्ट्या झाल्या, हसनभाय?"

आता मात्र कुणी हसलं नाही. हसनचाचांनी अब्बांकडे बघितलं. मोहल्ल्यात अशी पद्धत की बाई बोलली तर उत्तर तिच्या नवऱ्याला द्यायचं. "इब्राहिम, घरात समजव. जमातीचा निर्णय झालाय. निर्णयाच्या बाहेर आजवर कोण गेलेला नाय."

अब्बा म्हणजे सगळ्या जगाशी जुळवून घेणारा माणूस. टोपी काढून डोकं खाजवत ते म्हणाले, "समजवतो." आणि त्यांनी समजवलंही. पाहुणे गेल्यावर हॉलमध्ये ताटं गोळा करता करता त्यांनी अम्मीला सगळं सांगितलं, जमात काय म्हणेल, लोक काय म्हणतील, आणि शेवटी खरी गोष्ट. इकामा! म्हणजे कुवेतला राहायचा परवाना. देशाबाहेर सलग सहा महिने राहिलं की तो जातो. "तू हरलीस तर महिन्या-दीड महिन्यात परत येशील, ठीक आहे. पण जिंकलीस तर? सरपंच काय फरवानियातून होता येतं? पाच वर्षं तुला तिकडं राहावं लागेल. पोरी इथं, मी इथं."

"जुलेखाचं काम तुम्ही इथून बघणार होतात ना सगळे?" अम्मी म्हणाली.

"मस्करी नको."

अम्मीनं उरलेली ताटं एकावर एक रचली. मग तिनं आम्हा दोघींना जवळ बोलावलं. सना दहा वर्षांची, तिचं सगळं इंग्रजीत. "अम्मी, व्हॉट इज अ सरपंच?" तिनं विचारलं. अम्मी म्हणाली, "ज्याच्याकडं पाणी मागायला लोक येतात, तो." मग माझ्याकडे वळली. मी सतरा वर्षांची, बारावीची परीक्षा तोंडावर. "नसीम, तू सांग. उभी राहू?"

मला आठवतं, मी क्षणभरही विचार केला नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती भर हॉलमध्ये भाकऱ्यांचं ताट घेऊन उभी होती आणि माझं काळीज नुसतं उड्या मारत होतं. म्हटलं, "अम्मी, राहा! बिनधास्त राहा!" जिंकली तर घर आईवाचून राहणार हे अब्बांनी नुकतंच माझ्यासमोर सांगितलं होतं. ऐकलं होतं मी, कानानं. सतरा वर्षांच्या वयात कानापासून काळजापर्यंत पोचायला रस्ता फार लांबचा असतो.

दुसऱ्या दिवशी हसनचाचांचा अब्बांना फोन. "समजवलंस?"

"समजवलं."

"मग?"

"तिनं ऐकून घेतलं," अब्बा म्हणाले. "तिकीट काढलंय."

माझ्या शांत बापाच्या तोंडून हे वाक्य बाहेर पडल्यावर सनानं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन फुगड्या घातल्या. अम्मीचं नाव लग्नापासून गावच्या मतदारयादीत होतंच. दर निवडणुकीला ती अब्बांच्या मागे लागून खात्री करून घ्यायची आणि आम्ही तिला हसायचो. आठवड्याच्या आत ती विमानात बसली. जाताना तिनं फ्रीजरमध्ये भाकऱ्यांच्या चळती करून ठेवल्या, मसाल्याचे डबे भरले आणि सनाच्या केसांना तेल लावता लावता मला म्हणाली, "घर सांभाळ. आणि बाय, बापाला बाजारच्या रोटीवर, खुबूस-दालवर ठेवू नकोस."

मग आमच्या घरात जो धुरळा उडाला! फॉर्म भरला, छाननीत टिकला, चिन्हं वाटली. अम्मीला हवी होती बादली. पाण्यासाठी लढणारी बाई, तिला बादलीच शोभली असती. आणि चिठ्ठीत बादली गेली जुलेखाला! अम्मीच्या वाट्याला कपबशी. मी तर रडायची बाकी होते. पण अम्मीचा त्याच संध्याकाळी व्हॉइस मेसेज आला, मागे कोंबड्या ओरडतायत, समुद्राचा वारा भरभरतोय, आणि ती खळखळून हसतेय. "अगो, बरंच झालं! मी घराघरांत जाऊन सांगते, बादली त्यांची हाय खरी, पण वाकून बघा, आत पाणी हाय का? बायका तोंडाला पदर लावून हसतात. आणि मी कपबशी घेऊन जाते, म्हणते, चहा तर पाजा, तुमच्याकडं पाणी असलं तर!" हा मेसेज आम्ही इतक्या वेळा ऐकला की सनाला कोंबड्यांसकट पाठ झाला.

कुवेतच्या बाजूचा प्रचार मी हातात घेतला. मतं द्यायची होती नेवदरच्या बायकांनी, पण फोन जाणार होते इथून, म्हणून इथल्या बाप्यांना वळवायचं, असा माझा हिशेब. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि अब्बांची ड्युटी सुटायची वाट बघायची. अब्बा गाडी काढायचे, मी पुढच्या सीटवर, सना मागे, मांडीवर शिरवळ्यांचा डबा. रिकाम्या हातानं मत मागायला जायचं नसतं हे मला अम्मीनं न शिकवताच माहीत होतं. सुलैबियाला गोदामांच्या मागे एका खोलीत आमच्या गावचे सात-आठ ड्रायव्हर राहायचे. दोरीवर कपडे, कोपऱ्यात तांदळाचं पोतं, कुणीतरी माठातून पाणी देतंय, कुणीतरी घाईघाईनं लुंगी बदलून पँट चढवतंय. त्यांतला बशीर सगळ्यांत तरुण आणि सगळ्यांत बोलघेवडा, गावची बातमी त्याच्याकडे सगळ्यांत आधी यायची. मी मोबाइल पुढे करून त्यांना अम्मीनं पाठवलेलं चित्रण दाखवायची. एक नळ, त्याच्यापुढे हंड्यांची ही एवढी रांग, आणि रांगेत त्यांच्याच आया-बहिणी. 

"ती बघ, माझी आई," एकदा एकजण हळूच म्हणाला. "लाल पातळातली."

"मग यंदा कपबशी, काका?" मी लगेच संधी साधली.

तो ओशाळला. "बघू, बाय. जमातीचं ठरलंय ना. हसनचाचांनी मला इथं आणलं, काम लावून दिलं. त्यांच्या शब्दाबाहेर कसं जायचं?" आणि त्यानं आम्हाला पेरूचं सरबत पाजलं. असं सगळीकडे. जहऱ्याला सरबत, फरवानियात चहा, मताचा शब्द मात्र कुणी देईना. खोटं बोलत नव्हते बिचारे, उपकारांत बुडाले होते. परत येताना मी गाडीत दात-ओठ खात बसायची आणि अब्बा म्हणायचे, "सरबत चांगलं होतं पण."

बशीरनं तर तोंडावर सांगितलं. "नसीम, उगाच पाय झिजवतेस. सगळ्यांचे फोन गेले. माझ्या बायकोला मी सांगितलं, बादली. ती म्हणाली, हो. हसनचाचांनी खतीजाचाचीला सांगितलं, तीही हो म्हणाली. घरटी हो आहे. मोजून घे."

मी रात्रभर उशीत तोंड खुपसून चरफडले आणि सकाळी अम्मीला फोन केला. सगळ्या घरांतून बादलीला हो गेलंय म्हणून सांगितलं. 

"मलाही सगळ्या हो म्हणतात, बाय," ती म्हणाली. "त्याच बायका. खतीजाभाभीसुद्धा. दोन्हीकडं हो. आता खरं कुठलं, कुणास ठाऊक."

"मग तू विचार ना त्यांना स्पष्ट!"

"विचारायचं नसतं गो. नवऱ्याला नाही म्हणून सांग, असं कुठल्या बाईला म्हणू मी? मोहल्ल्यात आपण सगळ्या हो म्हणूनच तर नांदतो. मी पण तुझ्या आजीला वीस वर्षं हो म्हटलंय." मग तिचा आवाज जरा खाली आला. "हरले तर हरले. पुढच्या शुक्रवारी घरी येते मी. सनाला सांग."

सनाला मी सांगितलं. ती टाळ्या वाजवत सुटली, "अम्मी इज कमिंग, अम्मी इज कमिंग!" मी तिच्यावर खेकसले, "गप! ती हरावी असं वाटतं का तुला?" सना गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. दहा वर्षांच्या पोरीला आई हवी होती, एवढंच. आज माझी लेक असा काही साधा प्रश्न विचारते तेव्हा मी आधी जीभ चावते.

मतदान झालं. गावाहून फक्त एवढंच कळलं की बायकांच्या रांगा सकाळपासून होत्या आणि कुणी काही बोलत नव्हतं. मोजणी एका दिवसाआड. नशिबानं त्या दिवशी इथं सुट्टी होती. हसनचाचांनी काय केलं असेल? अहो, निकालाच्या आधीच जेवणाचं आवतण! जहऱ्याला त्यांच्या दुकानामागे मोठं आवार होतं, पत्र्याची शेड, टायरांच्या उतरंडी. तिथं पहाटेपासून मटणाच्या पुलावाची डेग चढवली. अब्बांनाही आवतण आलं, 'इब्राहिम, निवडणूक निवडणुकीच्या जागी. पोरींना घेऊन ये.' मी म्हटलं, मी मेले तरी जाणार नाही. अब्बा म्हणाले, "न जाणं म्हणजे रुसणं. आपण रुसलोय का? नाही ना. मग चला." त्यांनी इस्त्रीचा पांढरा कुर्ता घातला. हरायला चाललेला माणूस असा नटतो का, असं मला वाटलं आणि फार राग आला.

आवारात सगळी जमात. कांदा तळल्याचा वास, डेगेवर फडकं बांधून झाकण बसवलेलं, एका बाजूला मिठाईची खोकी, दुसऱ्या बाजूला बशीर मोबाइल कानाला लावून शेडच्या खांबाला टेकलेला. त्याचा मेहुणा तहसीलच्या बाहेर उभा होता, खबर त्याच्याकडून येणार. आम्हाला बघून सगळ्यांनी सलाम केला, खुर्च्या दिल्या. फार अदबीनं वागत होते, आणि हरणाऱ्यांशी माणसं जशी वागतात तशी ती अदब मला टोचत होती.

"पहिला वॉर्ड!" बशीर ओरडला. "रस्त्यावरचा! बादली पुढे!"

एकच कल्ला झाला. कुणीतरी टायरच ढोलासारखा बडवला. हसनचाचांनी मिठाईचं खोकं उघडलं आणि पहिला पेढा अब्बांच्या हातात दिला. अब्बांनी तो घेतला, दोन तुकडे केले, अर्धा सनाला दिला.  

"दुसरा वॉर्ड, खालची वाडी," बशीर म्हणाला, पण यावेळी ओरडून नाही. "कपबशी. कपबशी बरीच पुढे हाय. जवळपास बरोबरी झाली."

"ती होणारच," हसनचाचा म्हणाले. "आता खालचा मोहल्ला राहिला. तो आपला. घरटी फोन गेलेत."

मी खुर्चीवरून उठले. बसवेनाच. सनाचा हात मी इतका दाबला होता की ती कळवळली, तरी मी सोडला नाही. तिसऱ्या वॉर्डाला किती वेळ लागला मला माहीत नाही. आवारात सगळे उभे, डेगेखालचे निखारे तेवढे तडतडतायत. मग बशीरच्या चेहऱ्यावर एक अशी विचित्र कळा आली! डोळे मोठे, तोंड उघडं. त्यानं फोन कानापासून दूर धरला, परत कानाला लावला. "काय? परत सांग रे. परत सांग."

"काय झालं? बोल की मेल्या!" कुणीतरी खेकसलं.

"कपबशी," बशीर म्हणाला. "खालचा मोहल्ला सगळा कपबशी. वहिनी सरपंच झाल्या."

मी किंचाळले. लाजबीज काही नाही, त्या चाळीस-पन्नास बाप्यांच्या मधोमध मी किंचाळले आणि सनाला उचलून गरगर फिरवलं. अब्बा खुर्चीवर बसूनच राहिले, हातात अर्धा पेढा, आणि डोळ्यांतून पाणी. बाकीचे सगळे एकमेकांकडे बघत होते. काय बघत होते सांगू? प्रत्येकाच्या मनात एकच, माझ्या घरचं मत कुठं गेलं? आणि विचारणार कसं? विचारलं तर आपल्या बायकोनं आपलं ऐकलं नाही हे चारचौघांत कबूल करणं आलं!

हसनचाचांना मात्र राहवेना. त्यांनी तिथंच फोन लावला. ऐकू नीट यायचं नाही म्हणून ते कायम स्पीकरवर बोलायचे, सवयच होती. त्या दिवशीही बोट तिथंच गेलं.

"खतीजा! मत कुणाला दिलंस?"

"कपबशीला," पलीकडून चाचीचा आवाज. मागे ताशे वाजत होते.

"मी काय सांगितलं होतं? तू हो म्हणालीस ना मला?"

"म्हणाले की. तुम्ही पंधरा वर्षं म्हणताय, पुढच्या सुट्टीत लाईन टाकतो. मी आजवर हो म्हणून ऐकलंच ना? तुमचं ते 'टाकतो', तसंच माझं हे 'हो'." आणि चाची हसली. "टाकी तुमच्या वालिदांच्या नावाची, हंडा माझ्या डोक्यावरचा. ठेवते आता, मिरवणूक दारात आलीय."

फोन बंद झाला.  मला वाटलं, आता हा माणूस डेग लाथाडतो. हसनचाचांनी फोन खिशात घातला, दाढीवरून हात फिरवला, सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "काय उभे राहिलात? पुलावाला काय माहीत कोण जिंकलं ते. झाकण काढा! इब्राहिम, पहिलं ताट तुझं."

आणि मग ते बाप्ये जे हसायला लागले! एकाला हसू आलं, त्याच्यावरून दुसऱ्याला. "माझी पण हो म्हणाली होती!" "अरे, माझी तर दोनदा म्हणाली!" पोट धरधरून हसले. लाल पातळातल्या आईचा मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बरं झालं, बाय," आणि चटकन दूर गेला. एवढं सुख मी त्याआधी कधी अनुभवलं नव्हतं. सगळं आवार आपलं वाटत होतं. ताटं मांडली जात होती, भाताच्या वाफा उठत होत्या, आणि तेवढ्यात सनानं माझी ओढणी ओढली.

"आपा, सो अम्मी इज नॉट कमिंग ऑन फ्रायडे?"

 महिनाभर जे मला ठाऊक होतं ते त्या क्षणी पहिल्यांदा मला कळलं. उत्तर द्यायच्या आत माझा मोबाइल वाजला. अम्मी. व्हिडिओत आधी नुसता गुलाल आणि बायकांची डोकी, मग तिचं तोंड, गालभर लाल, पदर विस्कटलेला. एवढी सुंदर मी तिला कधी बघितली नव्हती. तिच्या मागे काठी टेकत सुनंदामावशी नाचत होती.

"नसीम! बाय! ऐकलंस?"

"ऐकलं, अम्मी! सगळ्यांनी ऐकलं!"

ती हसत होती, आणि हसता हसता थांबली. हातानं फोन तोंडाजवळ आणला. सरपंच झालेली माझी आई, मला परवानगी विचारत असावी तशा आवाजात म्हणाली, "मी आता लगेच नाय येत हां, बाय. सनाला कसं सांगू?"

 मी अशी ओरडले की डेगेजवळचे लोक वळून बघायला लागले. "येऊ नकोस, अम्मी! घराघरात पाणी आल्याशिवाय येऊच नकोस! आम्ही बघतो इथलं!"

सगळ्या आवारानं टाळ्या वाजवल्या. मी फोन अब्बांच्या हातात दिला, शेडच्या मागे गेले आणि तिथल्या एका टायरवर बसून भोकाड पसरलं. आनंदच होता तो, आजही शपथेवर सांगते, आनंदच होता. पण माझी आई पाच वर्षांसाठी गेली होती, आणि जा म्हणून मीच ओरडून सांगितलं होतं.